विकासक्षेत्रातील तंत्रज्ञांची पहिली पायरी हलली

नवी दिल्ली : अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या संस्थेने १ जुलै २०२५ रोजी परदेशांतील मदतकार्य थांबवले, उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे गेले. जानेवारीत निधी गोठवला गेल्यापासूनच अनेक देशांतील प्रकल्प बंद पडू लागले होते. तंत्रज्ञानाच्या आधारे आंतरराष्ट्रीय सामाजिक विकासात कारकीर्द करू पाहणाऱ्या तरुणांना याची झळ बसणे अटळ होते. अशा निधीवर चालणारे प्रकल्प हे पहिल्या नोकरीचे एक ठरलेले ठिकाण होते.

दुसरी वाट मुक्त स्रोत प्रणालींची. बेंगळुरूच्या आयआयआयटीत २०१८ मध्ये सुरू झालेली ‘मोसिप’ ही ओळखप्रणाली फिलिपिन्स आणि इथिओपियाने स्वीकारली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदोत्तर काळात मुळे रुजलेली ‘डीएचआयएस२’ ही आरोग्य-माहिती प्रणाली आता ऑस्लो विद्यापीठ सांभाळते. या प्रणालींची संगणकीय संहिता खुली असल्याने नाशिकचा वा इंदूरचा विद्यार्थीही एखादा दोष दुरुस्त करून आपले काम दाखवू शकतो. मात्र सुरुवातीचे हे काम बहुधा विनावेतन असते. घर चालवण्याची जबाबदारी असलेल्याला ते किती महिने परवडणार? खुलेपणाचे गोडवे गाताना हा प्रश्न सहसा वगळला जातो.

शिवाय, उपकेंद्रातील परिचारिकेला एकच नोंद आधी वहीत आणि मग मोबाइलवर करावी लागत असेल, तर तो दोष संहितेत सापडत नाही. त्यासाठी तिच्याशेजारी दिवसभर बसावे लागते. हे शिकायला इथिओपिया गाठण्याची गरज नाही. तालुक्याचे उपकेंद्र पुरते.