अशुद्ध लेखनाचा भुर्दंड कोणावर?

‘पिक विम्याचे अर्ज भरून मिळतील’ अशा मजकुराच्या पाट्या आता खेडोपाडी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यांत काही चुकले आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ‘पिक’ म्हणजे कोकिळ. शेतात उभे राहते ते ‘पीक’. ज्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घरोघरीचे वर्ष भातावर अवलंबून असते, तेथे कोकिळाचा विमा उतरविण्याची सोय असावी हे मौजेचे खरे. पण ही चूक होते कशी हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. ‘पिकाचे’, ‘पिकांना’ या रूपांत इकार ऱ्हस्व असतो आणि तो तसा बरोबरच आहे. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ आणि प्रत्यय लागून सामान्यरूप झाले की तोच ऱ्हस्व, हा आपला नियम. लिहिणारा ‘पिकाचे’ वरून मागे येतो आणि ‘पिक’ पाशी थांबतो. ‘शहापूर’ आणि ‘शहापुरात’ यांची गत तीच. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा असे नियमच सांगतात. तरीही तालुक्याच्या गावाचे नाव त्याच गावात दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडावे, यात कोणाला नवल वाटत नाही.

या प्रकाराने शिक्षक, वाचक आणि जुने कारकून त्रस्त होतात. त्यांचा त्रागा पोकळ नाही. परंतु त्यावर होणारी चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन थांबते. एक पक्ष म्हणतो, भाषा बुडाली. दुसरा म्हणतो, अर्थ कळला म्हणजे झाले. दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडे तपासून पाहिले पाहिजे.

‘अर्थ कळला म्हणजे झाले’ हे म्हणणे वरवर व्यवहारी दिसते. पाटी वाचून शेतकरी विम्याच्याच खिडकीशी जातो, पक्ष्यांच्या दुकानात जात नाही, हे खरेच आहे. वाक्यातील आजूबाजूचे शब्द चुकलेल्या शब्दाला सावरून घेतात. पण जेथे आजूबाजूला शब्दच नसतात, तेथे काय? माणसाचे नाव, गावाचे नाव, जमिनीच्या धारकाचे नाव ही एकटी उभी असतात. त्यांना संदर्भाचा टेकू नसतो. तेथे अक्षर चुकले की माणूसच बदलतो.

ही भीती काल्पनिक नाही. आज नोंदी संगणकावर असतात आणि पुष्कळदा एकच नाव मराठीतून रोमन लिपीत व रोमनमधून पुन्हा मराठीत असा प्रवास करून येते. रोमन लिपीला ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद सहजी दाखविता येत नाही. त्यामुळे डोळखांबचे ‘डोलखांब’ होते, सरळगावचे ‘सरलगाव’ होते, काळे आडनावाचा गृहस्थ ‘काले’ होऊन परततो आणि पाटलांचा दीर्घ ईकार हिंदीच्या वळणाने ऱ्हस्व होतो. गावाचे नाव बिघडले तर गाव हलत नाही. पण माणसाचे नाव सातबाऱ्यावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे असेल, तर त्याचे पैसे मात्र अडतात. शेतकऱ्यांना थेट रक्कम देणारी केंद्राची किसान सन्मान योजना २०१९ पासूनची, महिलांसाठीची लाडकी बहीण योजना २०२४ ची. अशा सर्व योजनांत रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आणि त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. अशा भूसंपादनात मोबदला कोणाच्या हाती पडावा हे अभिलेखातील नावावरूनच ठरते.

चूक दुरुस्त होत नाही असे नाही. जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम १५५ अन्वये अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. परंतु दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, तालुक्याच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च कोणी करावयाचा? ज्याने चूक केली त्याने नव्हे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचे हे स्वच्छ उदाहरण आहे. लिहिणाऱ्याने अर्धे मिनिट वाचविले, आणि त्याची किंमत कारखान्याच्या सांडपाण्याप्रमाणे खालच्या अंगाला राहणाऱ्याने मोजली. त्यातही जो निरक्षर असतो तो सर्वांत जास्त मोजतो, कारण आपले नाव चुकीचे लिहिले गेले हे त्याला त्या क्षणी वाचताच येत नाही. ते त्याला हप्ता न आल्यावर कळते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. भाषा बुडाली म्हणणाऱ्यांचा राग खरा असला तरी तो अनेकदा चुकीच्या माणसावर निघतो. शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय आहेत. मुंबईची तहान ज्यांवर भागते त्यांच्याच परिसरातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा पाड्यावरचा एखादा तरुण, ज्याच्या घरात लिहिणारी ही पहिलीच पिढी, ‘आमच्याकडे पानी नाही’ असे लिहितो. त्यावर कोणी सुशिक्षित गृहस्थ ‘आधी पाणी शब्द शुद्ध लिहावयास शिका’ असे उत्तर देतात, तेव्हा शुद्धलेखनाचा विजय होत नाही. पाण्याचा प्रश्न तेवढा टळतो. ‘पानी’ हा त्याच्या बोलीचा उच्चार आहे. ठाकर, कातकरी, आगरी, कुणबी यांच्या बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे.

शिवाय शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपल्या नियमांचे वयही ध्यानात ठेवावे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. आज आपण पाळतो ते लेखनाचे नियम मात्र मराठी साहित्य महामंडळाने केले आणि शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. ते प्रथम चौदा होते. १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडून अठरा झाले. त्यापूर्वी ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुस्वार देऊन लिहिणे हेच शुद्ध होते. म्हणजे आजोबांचे शुद्ध ते नातवाचे अशुद्ध ठरले. यात आजोबा अडाणी नव्हते आणि नातू पुण्यवान नाही. नियम हा संकेत आहे.

पण संकेत आहे म्हणून तो पाळला नाही तरी चालेल, असे मात्र ठरत नाही. वजनमापांचे उदाहरण घ्या. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण गेले आणि किलो आला. किलोत शेराहून अधिक पावित्र्य नाही. तथापि एकदा किलो ठरल्यावर प्रत्येक दुकानदाराला आपापले वजन वापरता येत नाही, कारण त्यात गिऱ्हाईक नागवले जाते. आणि येथेच एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वजनमापाचा निरीक्षक दुकानदाराचा तराजू तपासतो. गिऱ्हाइकाची पिशवी तपासत नाही. शुद्धलेखनाच्या बाबतीत आपण नेमके उलटे करीत आलो आहोत. अर्जदाराच्या ऱ्हस्व-दीर्घाला हसावयाचे आणि कार्यालयाच्या सूचनाफलकाकडे काणाडोळा करावयाचा, ही आपली रीत आहे.

कायदेही फारसे निराळे नाहीत. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात स्थान दिले. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, अशी सुधारणा २०२२ मध्ये झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. हे सर्व स्वागतार्हच होय. परंतु कायदा अक्षराची उंची मोजतो. अक्षर बरोबर आहे की नाही हे पाहण्याचे काम कोणाचेच नाही.

कार्यालयांच्या अडचणी नाकारता येत नाहीत. एकेका कारकुनाकडे दोघांचे काम असते, आणि यंत्र जे रूप सुचविते ते स्वीकारण्याचा मोह घाईच्या वेळी कोणालाही होईल. म्हणून उपायही थोडे आणि झेपतील असेच असावेत. पहिला असा की, कोणतेही नाव अभिलेखात चढविण्यापूर्वी ते मराठीत संबंधिताला मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्याच्या होकारानंतरच कायम करावे. रोमनवरून आपोआप आलेले रूप कायम समजू नये. दुसरा असा की, ग्रामपंचायत, शाळा, तहसील यांचा जो मजकूर शेकडो लोक वाचणार, तो लावण्यापूर्वी दुसऱ्या एका माणसाने वाचावा. दोन्ही तालुक्यांत हे करू शकतील असे कार्यरत आणि निवृत्त शिक्षक आहेत. अरुण फडके यांच्या ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ सारखे छोटे पुस्तक टेबलावर ठेवावयास फारसा खर्च येत नाही. तिसरा उपाय असा की, चूक कार्यालयाची असेल तर दुरुस्तीचा खर्च अर्जदारावर पडू नये. ज्याच्या हातून नुकसान होते त्यानेच ते सोसले, तर काळजी आपोआप वाढते.

चौथी गोष्ट शिक्षकांच्या कक्षेतील आहे. शुद्धलेखन हा मराठीच्या प्राध्यापकांचा प्रांत, इतिहास-अर्थशास्त्र-वाणिज्य शिकविणाऱ्यांचा नव्हे, अशी आपल्या महाविद्यालयांत सोयीची वाटणी झाली आहे. परंतु उद्या सेवा केंद्रात बसून शेतकऱ्याचे नाव टंकित करणारा मुलगा किंवा मुलगी याच वर्गांतून बाहेर पडणार आहे. ‘पीक’ दीर्घ का आणि ‘पिकाचा’ ऱ्हस्व का, हे कारणासह सांगावयास पाच मिनिटे पुरतात. त्या विद्यार्थ्याला चुकीबद्दल खजील करून काहीच साधत नाही. त्या एका अक्षरावर कोणाचा तरी हप्ता अवलंबून आहे, एवढे त्याला सांगितले तर तो ते अक्षर दुसऱ्यांदा पाहील.