आम्ही अण्णांना ऐकलंय!

पुण्यात डिसेंबर लागला, की थंडीच्या आधी आठवणी येतात. कपाटातल्या शाली आणि माकडटोप्या बाहेर निघतात, सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांची चौकशी सुरू होते आणि कुठल्याही कट्ट्यावर चार पांढरी डोकी जमली, की पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, ‘‘आता काय राहिलंय हो! आम्ही अण्णांना ऐकलंय!’’ अण्णा म्हणजे पंडित भीमसेन जोशी, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. पण शनिवारात, सदाशिवात, कोथरूडला आणि आता पार बाणेर-बालेवाडीलाही या वाक्यातला भूतकाळ अजून ताजाच आहे.

मीही त्या पांढऱ्या डोक्यांपैकीच एक. म्हणून या आठवणींबद्दल चार शब्द लिहिण्याचा मला हक्क आहे, असं समजतो.

आमचं सकाळचं टोळकं सारसबागेत जमतं. मागच्या हिवाळ्यात तिथे दोन मित्रांमध्ये अबोला धरण्यापर्यंत पाळी आली. निवृत्त प्राध्यापक म्हणत होते, रमणबागेतल्या त्या पहाटे अण्णांनी ललत गायला. वीज मंडळातून निवृत्त झालेले दुसरे गृहस्थ म्हणत होते, छे, तोडी. ललत आदल्या वर्षी. साल १९९३ की १९९४, पेटीवर अप्पा जळगावकर होते की पुरुषोत्तम वालावलकर, कशावरच एकमत होईना. माझा जन्म बँकेत गेला. व्हाउचरशिवाय नोंद नाही आणि मेळ बसल्याशिवाय घरी जायचं नाही, ही माझी शिस्त. इथे दोन्ही पक्षांकडे व्हाउचर नव्हतं. मात्र एका गोष्टीवर दोघांचं मत तंतोतंत जुळलं. गाणं संपल्यावर टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मांडवातली सगळी माणसं क्षणभर तशीच बसून राहिली आणि मग टाळ्या आल्या.

मला वाटतं, आठवणीचा खरा ऐवज तोच. साल चुकेल, राग चुकेल, साथीदारांची अदलाबदल होईल. पण टाळ्यांना झालेला तो उशीर माणूस विसरत नाही.

ज्यांनी अण्णांना समोर बसून ऐकलं, त्यांनी नेमकं काय ऐकलं? पहिला षड्ज लागला, की इतका वेळ चुळबुळ करणारा मांडव एकदम जाग्यावर यायचा. डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली, हात हवेतून काहीतरी ओढून आणल्यासारखे फिरत असलेले. तान सुटली, की सारं अंग तिच्यामागे धावायचं. नव्या माणसाला क्षणभर भीती वाटावी, की या गृहस्थांना काही होतंय की काय! आणि दुसऱ्याच क्षणी सम अशी अलगद यायची, की शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर आपली थाप पडायची आणि त्यालाही त्यात गैर वाटायचं नाही. रात्र जागून, थर्मासमधला शेवटचा चहा संपवून, तसंच तोंड धुऊन मी काउंटरवर जाऊन बसलेलो आहे. समोरच्या रांगेत उभ्या असलेल्या खातेदाराचे तांबारलेले डोळे पाहिले, की न बोलता कळायचं, हाही तिकडूनच आलाय!

हे सगळं खरं. पण अलीकडे ‘आम्ही अण्णांना ऐकलंय’ हे वाक्य जिथे आणि ज्या सुरात उच्चारलं जातं, ते मला खटकू लागलं आहे.

एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांची नात गाणं शिकते. ती फोनवर अण्णांचा शुद्ध कल्याण ऐकत बसली होती, कानात काही न घालता, मोठ्यानं, बहुधा आजोबांनाही ऐकू यावा म्हणून. आजोबा म्हणाले, ‘‘या डबड्यात काय ऐकतेस? प्रत्यक्ष ऐकायला हवं होतंस. तुम्हां पोरांना ते कळायचं नाही.’’ मुलीनं मुकाट्यानं फोन बंद केला आणि ती आत निघून गेली. अण्णा गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. प्रत्यक्ष ऐकलं नाही, यात तिचा काय अपराध?

आठवण ही वाटायची वस्तू. आपण तिचं कुंपण करून ठेवलं आहे. आत आम्ही, बाहेर तुम्ही. आणि हे कुंपण ज्या माणसाच्या नावानं घातलं जातं, त्याची सारी कथाच मुळी याच्या उलट आहे.

गदगचा हा मुलगा घरातून पळाला तो कुणाची मैफल ऐकून नव्हे, तर एका दुकानात वाजणारी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून. जेमतेम तीन मिनिटांची, खरखरणारी तबकडी! आपल्याला असं गाता आलं पाहिजे, या एकाच ध्यासापायी त्यानं १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडलं. ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण झाली आणि अखेर गुरू भेटले ते घराजवळच, कुंदगोळला. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. तेही खाँसाहेबांचेच शिष्य. त्या दुकानात कुणी शहाणा म्हातारा बसलेला असता आणि ‘या डबड्यात काय ऐकतोस पोरा,’ असं म्हणाला असता तर?

पुढे १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळाचा हा उत्सव सुरू झाला. रेणुका स्वरूप शाळेचं पटांगण, मग रमणबाग, आता मुकुंदनगर. जागा बदलल्या, ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे रात्री उरकत्या घ्याव्या लागल्या, अण्णांच्या पश्चात त्यांचंही नाव उत्सवाला जोडलं गेलं. वर्षानुवर्षं उत्सवाची सांगता अण्णांच्या गाण्यानं व्हायची आणि त्यानंतर सवाई गंधर्वांची जुनी तबकडी लावली जायची. रात्रभर मोठमोठे कलावंत ऐकलेली हजारो माणसं ती तीन मिनिटं उठायची नाहीत. त्यांतल्या किती जणांनी सवाई गंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलं होतं? माझ्या पिढीनं तर एकानंही नाही. पण आम्हांला कुणी म्हटलं नाही, की ‘तुम्ही ऐकलं नाहीत, तुम्हांला कळायचं नाही.’ खुद्द शिष्यच बसलेले असायचे, आणि त्यांनी ती तबकडी सगळ्यांसाठी लावलेली असायची.

आमच्या शाखेत एक शिपाई होते. रमणबागेच्या जवळच एका वाड्यात राहायचे. एकदा अण्णांच्या गाण्याचा विषय निघाला. तिकीट काढणारे आम्ही अधिकारी मंडळी तावातावानं बोलत होतो. ते चहाचे कप गोळा करता करता म्हणाले, ‘‘साहेब, मी अण्णांना पाहिलं नाही कधी. पण दरसाल भिंतीला टेकून ऐकतो. आमच्या आईचा श्वास लागायचा रात्री, झोप नसायची. ते गायला लागले, की शांत पडून राहायची.’’ आम्ही गप्प झालो. त्या दिवशी त्या टेबलाभोवती अण्णांना सर्वांत जवळून कुणी ऐकलं होतं, याचा निकाल मला द्यायला सांगितला, तर मी पहिल्या रांगेतल्या कुणाला देणार नाही.

मग आठवणी सांगायच्याच नाहीत का? अवश्य सांगायच्या. पण कशा, हे थोडं परदेशातल्या रॉकवाल्यांकडून शिकायला हरकत नाही. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा एक वाद्यवृंद १९६५ पासून १९९५ पर्यंत वाजत होता. तीच गाणी, पण दर खेपेला वेगळी खुलवायची, ही त्यांची रीत. आपल्या बैठकीशी नातं सांगणारी. त्यांचे चाहते कार्यक्रम टेप करायचे. वाद्यवृंदानं त्यांना हटकलं तर नाहीच, उलट १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागा ठेवली. चाहते कॅसेटच्या डबीवर तारीख, गाव, गाण्यांचा क्रम लिहीत आणि ती दुसऱ्याला देत. विकायची नाही, देवघेव करायची. आज त्या कार्यक्रमांना न गेलेला विशीतला पोरगाही कुठल्या रात्री काय वाजलं, ते सांगू शकतो.

आपल्याकडे काय? खासगी बैठकींच्या कॅसेटी पुण्यात घराघरांत आहेत. माळ्यावर, बुरशी धरलेल्या, वर ‘भीमसेन – फारच छान’ एवढंच लिहिलेलं! कुठली तारीख, कुणाचं घर, तबल्यावर नाना मुळे होते की आणखी कुणी, काही नाही. ‘फारच छान’ ही नोंद नव्हे. पासबुकात नुसतं ‘बरेच पैसे’ असं लिहिलेलं कुणाला चालेल?

म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना एक विनंती. येत्या रविवारी शंभर पानी वही घ्या. तुम्ही अण्णांना कुठे, केव्हा ऐकलंत, आठवेल तसं लिहा. साल नक्की नसेल तर ‘नक्की नाही’ असं लिहा. राग लिहा, साथीला कोण होतं ते लिहा, शेजारी कोण बसलं होतं आणि घरी कसे परतलात, तेही लिहा. रेकॉर्डमध्ये गाणं आहे. टाळ्यांना झालेला उशीर, भिंतीला टेकलेला माणूस, गाणं ऐकून शांत झोपणारी त्याची आई, हे तिथे नाही. ते आपल्यालाच द्यावं लागेल. माळ्यावरच्या कॅसेटी काढा आणि घरातल्या पोराला त्या संगणकावर उतरवून घ्यायला सांगा. ते काम त्याला आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

बँकेत आम्ही खातेदारांच्या मागे लागायचो, वारसाचं नाव लावा. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी आता रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्यांवर वारसाला दावा तरी करता येतो. आठवणींचं तसं नाही. साठच्या दशकातले, भर उमेदीतले अण्णा ऐकलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतलं एक माणूस गेलं, की ते खातं कायमचं बंद होतं. त्यावर कुणाला दावा करता येत नाही.

तेव्हा घरातली मुलगी फोनवर अण्णांना लावून बसली असेल, तर तिला थांबवू नका. शेजारी बसा, पूर्ण ऐका. गाणं संपलं, की मग सांगा तुमची रमणबाग. आणि ते सांगून झालं, की तिला म्हणा, ‘‘पुन्हा लाव.’’