बदामाचं चित्र आणि मागचं बारीक अक्षर

दर हिवाळ्यात आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. तुमच्या क्रीममध्ये पेट्रोल आहे, गाडीत घालायचं ते तुम्ही तोंडाला फासताय, वगैरे वगैरे. शेवटी कुठल्यातरी 'नॅचरल' साबणाची लिंक. साबण अर्थातच ३५० रुपयांचा.

आता पेट्रोलियम जेली पेट्रोलियमपासून होते हे काही गुपित नाही, नावातच आहे की! १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला तेल लागलं, आणि रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण केमिस्ट ते बघायला तिकडे गेला. पंपाच्या दांड्यांवर काळपट मेण साचायचं. कामगार त्याला वैतागलेले, पण कुठे कापलं-भाजलं की तेच लावायचे. चेसब्रोने ते घरी नेलं, शुद्ध करत बसला आणि १८७२ मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. रोज चमचाभर खायचाही म्हणे. जगला ९६ वर्षं. (तुम्ही खाऊ नका, किस्सा म्हणून सांगतोय.)

तर सांगायचा मुद्दा असा की मूळ कुठलं यापेक्षा गाळलं किती, हे महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध किंवा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेलं सरळ पहिल्या गटात टाकली आहेत, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी. नीट शुद्ध केलेली तेलं मात्र तिसऱ्या गटात, म्हणजे तसं म्हणण्याइतका पुरावा नाही. युरोपात क्रीममध्ये पेट्रोलॅटम घालायचं तर त्याच्या शुद्धीकरणाचा पूर्ण इतिहास हाताशी असावा लागतो. मला हे फार योग्य वाटतं.

आणि शुद्ध माल काम चोख करतो. कातडीतून उडून जाणारं पाणी ९८ टक्क्यांपर्यंत अडवतो, खवट होत नाही आणि ॲलर्जी तर इतकी क्वचित देतो की त्वचारोगतज्ज्ञ ॲलर्जीच्या चाचणीत इतर पदार्थ यातच कालवून लावतात. उलट त्या 'नॅचरल' साबणातल्या सुगंधी तेलांनी पुरळ उठणारे लोक कमी नाहीत. पेट्रोलियम एक दिवस संपणार, ही तक्रार मला मान्य आहे. पण त्याच्या जागी पाम तेल आणायचं तर इंडोनेशियातली जंगलं आधी आठवावी लागतात.

मग माझं भांडण कशाशी? बदामाशी! कुठल्याही दुकानात केसांच्या तेलांचं कपाट बघा. बाटलीवर टपोरे बदाम, नावात बदाम, रंगही बदामी. बाटली उलटी करा. बऱ्याच बाटल्यांवर पहिलं नाव असतं 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल'. आपल्याकडचा नियम असा की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. म्हणजे पहिलं नाव ते सर्वांत जास्त. बदाम बिचारा कुठेतरी शेवटी, सुगंधाच्या शेजारी. पुढची बाजू मार्केटिंगवाले लिहितात, मागची कायदा लिहायला लावतो. आमच्या धंद्यातल्या ब्रोशर आणि कोडसारखंच.

बरं, केसांच्या बाबतीत फरक पडतोही. २००३ साली खनिज, सूर्यफूल आणि खोबरेल तेलाची तुलना प्रसिद्ध झाली. केसांतलं प्रथिन कमी झिजलं ते फक्त खोबरेलाने. त्यातल्या लॉरिक ॲसिडचा सरळसोट छोटा रेणू केसाच्या आत शिरतो. खनिज तेल वरवर बसून चकाकी देतं. हे काम मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांचं, म्हणजे पॅराशूट विकणाऱ्यांचंच. त्यामुळे खोबरेलाची पाठ कोणी थोपटली हे ध्यानात ठेवलेलं बरं. पण कारणमीमांसा पटण्यासारखी आहे.

चकाकीच हवी असेल तर पॅराफिन खुशाल लावा. फक्त बदामाचे पैसे मोजून लावू नका, आणि कोरड्या टाचांना २० रुपयांची जेली पुरत असताना मेसेजला घाबरून ३५० घालवू नका.

मी हल्ली प्रत्येक बाटली उलटी करून वाचतो. अक्षर इतकं बारीक असतं की मोबाइलने फोटो काढून मोठं करावं लागतं. तोवर बायको ट्रॉली घेऊन दोन रांगा पुढे निघून गेलेली असते, आपण ओळखीचेच नाही अशा थाटात.