पोलीस भरती : पगार वाढले की पर्याय आटले?



आपल्यापैकी अनेक जण पहाटे मैदानावर धावत असतील आणि रात्री ही पुस्तिका उघडत असतील. पोलीस शिपाई पदाच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते. त्यामुळे आपल्या विषयाचा या भरतीशी संबंध जुनाच आहे. मला येथे बोलायचे आहे ते मात्र या नोकरीच्या वेतनाविषयी आणि तिच्याभोवती जमणाऱ्या गर्दीविषयी.

2024 मध्ये महाराष्ट्रात सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे जवळपास शंभर. पात्रता बारावी उत्तीर्ण. अर्जदारांत पदवीधर आणि अभियंतेही. कारण विचारले, तर 'पगार वाढले' असे उत्तर मिळते. मला ते अपुरे वाटते. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होते आणि जुन्या आकड्यांशेजारी ते भरघोस दिसते. परंतु जुन्या मूळ वेतनाला 2.57 ने गुणून नवे वेतन ठरले. त्यातील 2.25 म्हणजे केवळ जुने मूळ वेतन आणि त्यावर साचलेला 125 टक्के महागाई भत्ता. खरी वाढ उरते ती सुमारे 14 टक्के. शिवाय 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू होणाऱ्यांची जुनी निवृत्तिवेतन योजनाही गेली.

मग गर्दी का वाढली? थोडे मागे जाऊ. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईचे पोलीस शिपाई वेतन आणि सेवाशर्तींच्या तक्रारी घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांच्या संघटनेची मान्यता गेली आणि शहरात सैन्य बोलवावे लागले. त्याच वर्षी, त्याच शहरात, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारही संपावर होते. दोघांचेही गाऱ्हाणे पगाराचेच. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पोलीस ठाणे मात्र कोठेही जाणार नव्हते. शेती परवडेनाशी झाली, खासगी क्षेत्रात कंत्राटी नेमणुका वाढल्या, तसतसे दरमहा ठरलेल्या तारखेला मिळणाऱ्या वेतनाचे मोल वाढत गेले. गर्दी पगाराकडे गेली, त्याहून अधिक ती स्थैर्याकडे गेली.

भाषेचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'मी शिपाई झालो' या वाक्यात कर्ता 'मी' आहे. 'मला नोकरी लागली' म्हणताना कर्त्याची जागा नोकरीने घेतली आणि 'मी' चतुर्थीत गेलो. लॉटरीही अशीच लागते. हा प्रयोग जुनाच आहे. पण एका जागेमागे शंभर जण उभे असताना तो फारच अचूक वाटू लागतो.

खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला वयाच्या 28 व्या वर्षापर्यंत ही संधी असते, मागास प्रवर्गांतील उमेदवाराला 33 व्या. भरती मात्र वेळेवर निघत नाही; 2021 च्या रिक्त जागांची प्रक्रिया 2023 पर्यंत रेंगाळली. शासनाने वेतनश्रेणीइतकेच गांभीर्य भरतीच्या वार्षिक वेळापत्रकाला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाट पाहण्यात गेलेली दोन वर्षे कोणताही वेतन आयोग भरून देत नाही.