देशाची चार टोके आणि वेशीबाहेरची माणसे



भारताचे दक्षिण टोक कोणते, असे मुलांना विचारले की बहुतेक घरांत कन्याकुमारी हेच उत्तर येते. मुख्य भूमीपुरते ते बरोबर आहे. पण सबंध देशाचे दक्षिण टोक म्हणजे ग्रेट निकोबार बेटावरील इंदिरा पॉइंट. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात तिथली जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि किनाऱ्यावरच्या दीपगृहाचा पायथा समुद्रात गेला. आपल्या प्रत्यक्ष ताब्यातील मुलखाचे उत्तर टोक सियाचीन हिमनदीच्या माथ्यावर, इंदिरा कोल येथे आहे. पश्चिमेला कच्छमधील गुहार मोती हे गाव, तर पूर्वेला अरुणाचल प्रदेशाच्या अंजाव जिल्ह्यातील किबिथूचा परिसर. दक्षिणोत्तर ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर असा हा आपला देश.

पूर्व आणि पश्चिम टोकांमध्ये सुमारे २९ रेखांशांचे अंतर आहे. एक रेखांश ओलांडायला सूर्याला चार मिनिटे लागतात. म्हणजे किबिथूला उजाडल्यावर कच्छमध्ये उजाडायला जवळजवळ दोन तास लागतात. घड्याळ मात्र सगळ्यांचे एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले. त्यामुळे आसामच्या चहामळ्यांत घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची जुनी रीत आहे. त्याला ‘बागान टाइम’ म्हणतात. मळ्यातल्या मजुराचा दिवस दूरच्या रेखांशावर नव्हे, तर त्याच्या दारात उगवणाऱ्या सूर्यावर चालतो. नियम सर्वांना सारखा असला, तरी टोकावरच्या माणसाला तो कसा लागू होतो, हे कुणीतरी तिथे जाऊन पाहावे लागते.

टोकाला राहणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपले पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. गावाची शीव कुठून कुठे जाते, हे त्यांनाच ठाऊक असे. दोन गावांत हद्दीचा तंटा लागला, तर महाराची साक्ष मानली जाई. गावाची हद्द राखणाऱ्याला गावात मात्र जागा नव्हती. ही रीत परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी कायद्याने मोडली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे घटनेच्या कलम ३२६ ने शिक्षण, मालमत्ता, जात, स्त्री-पुरुष असा कोणताही भेद न करता प्रौढांना मत मिळाले.

याचा अर्थ २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पूर्व टोकाने दाखवून दिला. किबिथू ज्या अंजाव जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील एका पाड्यावर एकच मतदार होता. मतदाराला दोन किलोमीटरच्या आत केंद्र मिळावे, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. त्या एका मतासाठी कर्मचारी मतदान यंत्र घेऊन सुमारे ४० किलोमीटर डोंगराळ वाट तुडवत गेले. दिल्लीतल्या मंत्र्याचे मत जेवढे, तेवढेच या पाड्यावरचे.

मात्र २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आली तरी सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहणार आहे आणि ही विसंगती लवकर दूर केली पाहिजे. मतपेटी ज्या वाटेने पाड्यावर जाते, त्याच वाटेने दवाखाना, शाळा आणि वाजवी मजुरी गेली, तरच ती समता पुरी झाली. हे निकोबारला लागू आहे, लडाखला लागू आहे आणि आपल्या वस्तीलाही तितकेच लागू आहे.

म्हणून या रविवारी बुद्धवंदनेनंतर घरात देशाचा नकाशा उघडा. मुलांना चारही टोकांवर बोट ठेवायला सांगा. आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव मतदार यादीत आहे की नाही, तेही पाहा. नसेल तर नमुना ६ चा अर्ज भरून द्या. एका मतासाठी सरकारला ४० किलोमीटर जावे लागते, इतकी त्या मताची किंमत आहे. ती आपण घरबसल्या वाया घालवू नये.

जय भीम! जय भारत!