रान काढा, माती ठेवा

एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातून प्रवास केला की हिरव्या-करड्या उतारांवर मधूनच तांबडे चौकोन दिसतात. वर्षानुवर्षं पडून असलेल्या वरकस जमिनीत चाकरमानी मालक सुट्टीला येतो, गडग्याच्या आत करवंद, रामेठा, दिंडा, रानमोडी माजलेली बघतो आणि जेसीबीवाल्याला फोन लावतो. दोन दिवसांत उतार गुळगुळीत होतो. त्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर पडतो, खाली अंगठ्यांची रांग लागते. त्या रांगेत माझा अंगठा नाही.

म्हणून मला लगेच 'झाडाच्या पानालाही हात लावू नका' म्हणणाऱ्यांत बसवू नका. जमीन ज्याची आहे त्याने ती पिकवावी. काजू लावावा, हापूसची कलमं लावावीत, निदान बांधापर्यंत जायला वाट तरी करावी. गावात माणसं उरली नाहीत, बेणणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, हे सगळं खरं आहे. यंत्राला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रान जमिनीच्या वरून काढावं, जमिनीतून उपटू नये. आणि जे कापलं ते बारीक करून तिथेच पसरावं. अमेरिका-युरोपात यासाठी फॉरेस्ट्री मल्चर नावाचं यंत्र सर्रास वापरतात. आडवा फिरणारा जाड रोलर, त्यावर टंगस्टन कार्बाइडचे टोकदार दात, आणि हे सगळं एखाद्या ट्रॅक्टरच्या, स्किड स्टीअरच्या किंवा पोकलेनच्या तोंडाला जोडलेलं. उभं झुडूप या रोलरखाली आलं की त्याचा तिथल्या तिथे भुगा होतो आणि तो जमिनीवर पडतो. विजेच्या तारांखालचे पट्टे, जाळरेषा, पडीक कुरणं साफ करायला ते कामी येतं. आपल्याकडे ऊस आणि कपाशीच्या शेतकऱ्याला मल्चर नवा नाही. पाचट न जाळता त्याची कुट्टी करा, हे पश्चिम महाराष्ट्रात इतक्यांदा सांगून झालंय की आता ते भिंतीवर रंगवायचीही गरज उरलेली नाही. उसाच्या फडात पटलेली गोष्ट घाट उतरून कोकणात आली की का पटेनाशी होते?

यावर पहिलं उत्तर मिळतं ते हे, की जेसीबी मुळासकट काढतो, काम एकदाच होतं. सगळ्यात जोरदार मुद्दा हाच, म्हणून तो आधी घेतो.

जेसीबीने एका कडेला लोटलेल्या ढिगाजवळ कधी जाऊन बघा. करवंदीचं एखादं जाळं धरून ओढा. मुळांच्या गुंत्यात अडकलेली काळपट, भुसभुशीत माती हातात येते; तिच्यात पातेरा कुजलेला असतो, गांडुळं असतात. ढीग लांबून झाडोऱ्याचा वाटतो, पण त्यात मातीही कमी नसते. आणि ही माती म्हणजे त्या जमिनीतली सगळ्यात कसदार माती. जांभ्याच्या उतारावर मुळात माती असते किती? कुठे हातभर, कुठे वीतभर, खाली कातळ. ती वीतभर माती बकेटने खरवडून बांधाला नेऊन टाकायची, ढिगाला आग लावायची, आणि मग उघड्या पडलेल्या मुरमात कलम लावून त्याला बाजारातून खताची गोणी आणायची, असा हा व्यवहार आहे. डोक्यात उवा झाल्या म्हणून टाळूचं कातडं सोलण्यातला हा प्रकार. उरलीसुरली माती पाऊस नेतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मिरगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर अशा जमिनीखालचा व्हाळ बघायला जावं. पाण्याचा रंगच सगळं सांगतो.

आणि 'काम एकदाच होतं' हेही खरं नाही. उघड्या, उकरलेल्या तांबड्या मातीवर पहिल्यांदा कोण येतं? रानमोडी. तिचं बी वाऱ्यावर उडतं, उन्हाची मोकळी जागा तिला हवीच असते. म्हणजे करवंद, तोरण, कुडा घालवायला पैसे मोजले आणि त्यांच्या जागी अमेरिका खंडातून आलेलं तण बोलावून घेतलं. दोन पावसाळे गेले की तोच मालक तक्रार करतो की रान पुन्हा वाढलं. पुन्हा वाढलं ते तेच रान नव्हे, त्याहून वाईट रान वाढलं.

कापून कुट्टी केली तर मुळं राहतात आणि फुटवे येतात, हे मी मान्य करतो. येणारच. पण फुटवा हा सरसकट शत्रू नाही. ऐन, किंजळ यांचे फुटवे हिरवळीच्या खताला सोन्यासारखे. वर्षातून एकदा छाटायचे आणि कलमाच्या आळ्यात टाकायचे. बाकीच्यांवर दोन-तीन वर्षं ग्रासकटर फिरवला की दम संपतो, तोवर काजूची सावलीही पडू लागते. खरी अडचण आहे घाणेरीची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आणलेल्या या वनस्पतीने आज देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे 40 टक्के क्षेत्रात हातपाय पसरलेत. तिच्यावर नुसता मल्चर फिरवला तर ती बुंध्यातून चौपट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी तिच्यासाठी वेगळी पद्धत बसवली आणि कॉर्बेटच्या परिसरात ती वापरली गेली : खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे, जमिनीच्या जरा खाली, मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळत ठेवायचं. टिकाव आणि माणूस, एवढंच लागतं. आजूबाजूची माती जागची हलत नाही. म्हणजे उपटायचं तेही निवडून, एकेक. सगळा डोंगर उकरून नव्हे.

जरा हिशेब करू. काजू 7 बाय 7 मीटरवर लावला तर हेक्टरी दोनशेच्या आसपास झाडं बसतात. प्रत्येक खड्डा साठ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. सगळ्या खड्ड्यांचं तोंड मिळून जागा होते सुमारे 72 चौरस मीटर. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. शंभरातला एक भागसुद्धा खणायचा नसताना उरलेले नव्व्याण्णव भाग कशासाठी सोलले, याचं उत्तर आजवर मला कोणी दिलेलं नाही. 'बघायला बरं दिसतं' हे उत्तर मी धरत नाही.

दुसरा पक्ष आगीचा. 'आमचे वाडवडील भाजतच होते की, राख हेच खत' असं म्हणणारे गावोगाव भेटतात. वाडवडिलांच्या नावावर काहीही खपवायची आपल्याला सवय आहे. वाडवडील काय भाजत होते ते आधी बघू. भाताच्या रोपासाठी दाढीची जागा भाजत, आणि त्यासाठी ऐन-किंजळीची कवळ तोडत. झाड उभं राही, पुढच्या वर्षी पुन्हा कवळ देई. कवळ, पातेरा, शेण यांचा राब शेताच्या एका कोपऱ्यात जळे. अख्खा डोंगर उघडा करून त्यावर काडी टाकणं या रिवाजात कुठेच बसत नाही. राहिली राख. जाळलेल्या पाल्यातला नत्र धुराबरोबर जातो, पालाश आणि चुना राखेत उरतो. आणि उतारावरची राख पहिल्याच सरीत व्हाळाला लागते. खत झालं खरं, पण खालच्या मळेवाल्याच्या शेताला, तेही त्याच्या नशिबात असेल तर.

'कुट्टी पसरली तर उन्हाळ्यात वणव्याला सरपणच,' अशी एक भीती असते. ती खोटी नाही. वाळलेला भुगा पेटतो, उंच ज्वाळा न होता आतल्या आत बराच वेळ धुमसतो. याला उत्तर वेळेचं आहे. दिवाळीनंतर कुट्टी केली तर ती सगळा उन्हाळा कोरडी पडून राहते. मेच्या उत्तरार्धात केली तर तिच्यावर चार महिने पाऊस पडतो आणि बारीक भाग त्याच हंगामात कुजायला लागतो. आता मेमध्ये करवंदीच्या जाळीत बुलबुलांची घरटी असतात, त्यामुळे आधी एकदा फिरून बघावं लागतं आणि काही जाळ्या सोडाव्या लागतात. सोडाव्यात. गडग्याच्या कडेने सगळीकडे पाच-सहा हातांचा पट्टा मात्र साफच ठेवायचा. वणवा बहुतेक वेळा शेजाऱ्याकडून येतो.

वाळवीचा बाऊ मात्र जरा जास्तच होतो. मेलेलं लाकूड खाणं हे वाळवीचं कामच आहे, आणि ती ते खात असेल तर बिघडलं काय? कुट्टी कलमाच्या बुंध्याला टेकवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, झालं. तशीच दुसरी समजूत, की लाकडाचा भुगा जमिनीतला नत्र खातो. मातीत नांगरून मिसळला तर खातो. वर पसरलेला राहिला तर त्याचा परिणाम वरच्या पातळ थरापुरता राहतो, आणि त्यामुळे तणाचं बी रुजायला उलट अडथळाच होतो. पावसाळा संपताना असा थर हाताने बाजूला करून बघावा. खाली पांढऱ्या बुरशीचे तंतू भुग्याच्या तुकड्यांना शिवल्यासारखे धरून असतात, माती काळसर आणि ओली. शेजारच्या उघड्या चौकोनात त्याच दिवशी मातीला कवच धरलेलं असतं.

इथवर वाचून मल्चर विकणारे खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही दोन शब्द. जाहिरातीत हे यंत्र 'पर्यावरणपूरक' असतं. यंत्र पूरक नसतं, ते चालवणाऱ्यावर आहे. रोलरला करवंद आणि किंजळीचं रोप यांतला फरक कळत नाही. जांभ्याचे सुटे दगड दातांखाली आले की दात जातो, आणि दगड गोळीसारखा उडतो. असं यंत्र चालू असताना आसपास शंभर मीटरवर माणूस किंवा गुरं नसावीत. कातळाच्या सड्यावर, उभ्या चढावर, व्हाळाच्या काठावर त्याचं काम नाही. देवराईच्या हद्दीत तर ते उभंही करू नये. आणि काम सोपं झालं की माणूस गरजेपेक्षा जास्त काम करतो, ही भीती मला जेसीबीइतकीच मल्चरचीही वाटते. दोडामार्गाकडे रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर उघडे झालेले आपण पाहिलेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाला 2013 साली बंदी घालावी लागली. तिथे प्रश्न कोणतं यंत्र आणलं याचा नव्हताच.

कायद्याचंही विसरू नये. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, फणस, आंबा अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या सातबाऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. भुगा केला म्हणजे पुरावा नाहीसा झाला, असं कोणी हळूच सुचवलं तर त्याला गडग्याबाहेर काढावं.

माझ्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक खोड सांगून टाकतो. कुठे दरड कोसळली की लगेच जेसीबीकडे बोट दाखवायचं. माळीणनंतर हेच झालं. एकेका दरडीमागे पाऊस, खडक, उतार, पाण्याच्या वाटा अशी अनेक कारणं गुंतलेली असतात. ती तपासणं भूवैज्ञानिकांचं काम. वीतभर माती वाहून जाणं हे पुरेसं मोठं नुकसान आहे. ते सिद्ध करायला माणसं मरायची वाट बघावी लागत नाही.

मग करायचं काय? परदेशी यंत्र विकत घेणं एकट्या बागायतदाराला झेपणारं नाही, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागचा मल्चर मनगटाएवढ्या खोडापुढे हात टेकतो. पण कोकणात पोकलेन गावोगाव आहेत, त्यांना खडक फोडायचा ब्रेकर लागतो तसं मल्चरचं हेडही लागतं. फक्त त्याला तेलाचा सतत मोठा प्रवाह आणि तेल परत जायला वेगळी नळी लागते. लांब हातामुळे यंत्र वाटेवर उभं राहून वरच्या उतारावरचं झुडूप कापू शकतं, जमिनीवर पट्टे फिरवावे लागत नाहीत. अवजार बँकांना ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरसाठी अनुदान मिळतं, तसं तालुक्याला एक हेड मिळालं तर बागायतदार भाड्याने नेतील. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जांभ्याच्या उतारावर एक तुकडा खरवडून, एक जाळून आणि एक कुट्टी करून शेजारी शेजारी ठेवावा आणि तीन पावसाळे खाली वाहून आलेली माती तोलून शेतकऱ्यांना दाखवावी. माझा लेख वाचण्यापेक्षा ते बघणं लोकांना जास्त पटेल.

तोवर ग्रासकटर आहे, कोयता आहे, जाड फांद्यांसाठी छोटा पेट्रोलवरचा श्रेडर आहे. काम हळू होईल. एका मेमध्ये पाच एकर साफ करायचा हट्ट सोडा; एक एकर करा, तिथे कलमं लावा, पुढच्या वर्षी पुढचा. आणि जेसीबीवाल्याला बोलवायचंच असेल तर खड्डे मारायला बोलवा. खड्ड्यांच्या जागी आधी खुंट्या ठोकून ठेवा, आणि तो काम करत असताना स्वतः तिथे उभे राहा.