रोजची गाडी की शोभेची गाडी?

नृसिंहवाडी : कोल्हापूर-मिरज लोहमार्गाचे काम १८८८ साली सुरू झाले व १८९१ साली त्यावर गाडी धावली. हा मार्ग करवीर दरबाराने आपल्या खजिन्यातून बांधविला आणि तो खजिना रयतेच्या साऱ्याने भरत होता, हे कोणी विसरू नये. पुढे १९१७ साली शाहू छत्रपतींनी शिरोळ रोड स्टेशनापाशी जयसिंगपूरची पेठ वसविली. गाडी रोज येते म्हणून व्यापारी येतो आणि व्यापारी येतो म्हणून मालास भाव मिळतो, हे गणित त्या राजास पक्के ठाऊक होते.

१९७१ पूर्वी कोल्हापूरहून पुण्यापर्यंत लहान रूळ होते. मुंबईस जाणाऱ्यास पुण्यात बोचकी-वळकटी घेऊन उतरावे लागे व दुसरी गाडी धरावी लागे. १९७१ साली रूळ रुंद झाले आणि हा त्रास संपला, असे आमच्या वडीलधाऱ्यांस वाटले.

मग २०२० साली टाळेबंदी आली. कोल्हापूर-मुंबई सह्याद्री एक्स्प्रेस बंद झाली. तीन वर्षे वाट पाहावयास लावून नोव्हेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा सोडण्यात आली, ती मात्र पुण्यापर्यंतच! म्हणजे पुन्हा पुण्यात उतरा, पुन्हा बोचकी उचला. बावन्न वर्षांनी गरिबास जुन्याच जागी आणून उभे केले, यास प्रगती म्हणावयाचे काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत गाडी सुरू झाली. तिचे आम्हांस वावडे नाही. ज्याच्या खिशास परवडेल त्याने खुशाल बसावे. परंतु ती सुरू झाली आठवड्यातून तीनच दिवसांकरिता, तिला साधा डबा नाही आणि जयसिंगपुरास थांबा दिला नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जावयाचे त्या रोग्याचा आजार वार पाहून येतो काय? इचलकरंजीच्या विणकराच्या पोरास नोकरीच्या मुलाखतीचा दिवस गाडी पाहून मिळतो काय?

आमच्या वाडीचेच पाहा. गुरुवारी व पौर्णिमेस मुंबई-पुण्याची माणसे दत्तदर्शनास येतात. त्यांच्यावर फुलवाल्या बाईची, पेढेवाल्याची, नावाड्याची चूल पेटते. गाडी तुटली की त्या चुलीचा जाळही कमी होतो.

महालक्ष्मी व कोयना आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, परंतु सणासुदीस त्यांच्या साध्या डब्यात एक पाय ठेवून उभे राहिलेल्यास विचारा, म्हणजे उत्तर मिळेल.

आमचे मागणे थोडके आहे. सह्याद्री रोज थेट मुंबईपर्यंत धावावी. तिला साधे डबे पुरेसे असावेत. नवी गाडी देताना जुनी रोजची गाडी तोडू नये.

बंधू-भगिनींनो, शाहू छत्रपतींनी न मागता दिले; तो काळ गेला. आता राजा नाही, मत आहे, आणि ते तुमच्या हाती आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव करावा, त्याची नक्कल खासदारांकडे व रेल्वेकडे धाडावी आणि पोच मागून घ्यावी. अक्षर लिहिण्यास अडचण असेल तर गावच्या शाळेत यावे. आम्ही मास्तर मंडळी लेखणी घेऊन बसलो आहोत.